हलका हात

“बाई, तुमच्या हाताला रक्त येतंय,” शेजारच्या सीटवरचा माणूस म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, की दुसऱ्याच कुणाचं गुपित तिच्या कानात सांगतोय असं वाटावं. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग बसच्या फरशीकडे, मग मांडीवरच्या पांढऱ्या कोटाच्या घडीकडे. घडीवर एक लाल ठिपका होता आणि तो तिच्या डोळ्यांदेखत रुंद होत होता. सगळ्यांत शेवटी तिनं स्वतःचा हात पाहिला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक आडवं चिरलं होतं. दाराजवळच्या दांड्यावरचा पत्रा उचकटलेला होता, चढताना तो तिला दिसला होता, आणि आपण दांडा जपून धरला असं तिला चांगलं आठवत होतं. माणसानं खिशातला रुमाल पुढे केला, धुतलेला आहे म्हणाला. तिनं तो बोटाभोवती गुंडाळला, आभार मानले आणि कळ येण्याची वाट बघत बसली. कळ कधी कधी उशिरा येते. दारात बोट सापडलं की आधी आवाज होतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ठणका. ती त्या क्षणभरात बसून राहिली. थांबे आले, गेले. माणूस उतरून गेला, त्याचा रुमाल तिच्याकडेच राहिला, आणि ठणका काही आला नाही.

रक्ताला ती भीत नव्हती. वर्षानुवर्षं गुरांत वावरणाऱ्या बाईला रक्ताचं काय मोठंसं. पण स्वतःच्या बोटाची बातमी परक्या माणसाकडून कळावी, हे काहीतरी विपरीत होतं. तिनं स्वतःची समजूत घातली: सकाळी गारठा होता, बोटं आखडली असतील, पत्रा धारदार असला की लागलेलं कळत नाही, शिवाय आपलं लक्ष कुठं होतं. लहान मुलाला दटावून झोपवावं तशी तिनं ही कारणं भीतीच्या अंगावर घातली. भीती पांघरुणाखाली डोळे उघडे ठेवून पडून राहिली. कारण आज सकाळचीच गोष्ट. तिचा रोजचा नेम होता, आईकडून आलेला: उठल्यावर खिडकीपाशी उभं राहायचं, डोळे मिटून हात जोडायचे, आपल्या माणसांची एकेक करून आठवण काढायची, आणि मगच पाण्याला तोंड लावायचं. लग्न झालं, मूल झालं, तापात अंग फणफणलं तरी हा नेम कधी चुकला नव्हता. आज डोळे मिटल्यावर तिला कळेना, की हात जोडले गेलेत की नाहीत. खांदे कळत होते, कोपरं कळत होती, मनगटाच्या पुढे मात्र धुकं. लपंडावात राज्य आलेल्या लबाड पोरासारखं तिनं एक डोळा उघडून बघितलं. हात जोडलेले होते. इतके गच्च जोडलेले, की बोटांची टोकं पांढरी पडली होती. तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं होतं. मग चहा पिताना हातातला काचेचा पेला तडकला, तेव्हा नवराही हसला होता. आमच्या घरात पैलवान कोण ते आज कळलं, असं म्हणाला होता आणि काचा उचलू लागला होता. आता बसमध्ये बसल्या बसल्या तिला त्या दोन्ही हसण्यांची भीती वाटली.

शहर संपतं तिथं गुरांचं संशोधन केंद्र होतं आणि तिथं ती गायींच्या अंगातली चरबी मोजत असे. जिवंत गायींच्या, उभ्या उभ्या, कातडीला ओरखडाही न उमटवता. नवीन माणसाला हे सांगितलं, की आधी तो हसायचा. नवरा पाहुण्यांना सांगायचा, ही आमच्याकडची गायींची फोटोग्राफर, मात्र आतल्या बाजूचे फोटो. नणंद दरवेळी कमरेवर हात ठेवून म्हणायची, वहिनी, माझंही एकदा मोजा गं, पण आकडा दादाला सांगू नका. काम तसं साधं होतं. गाय खोड्यात, म्हणजे लोखंडी नळ्यांच्या अरुंद चौकटीत, उभी करायची. खुब्याचं हाड आणि शेपटीच्या मुळाशेजारचं हाड यांच्या मधली जागा बोटांनी चाचपायची, तिथले केस भादरायचे, स्पिरिटनं पुसायचं, आणि त्यावर सोनोग्राफीच्या मशीनचा प्रोब टेकवायचा. तळहातात मावेल एवढा, साबणाच्या वडीसारखा. मग पडद्यावर गाय आतून उगवायची. वर कातडीची उजळ रेघ, तिच्याखाली चरबीचा करडा पट्टा, त्याखाली पुन्हा एक लख्ख रेघ, आणि तिच्याही खाली मांस, वाळूवरून ओसरलेल्या पाण्यासारखं ओळीओळींचं. त्या करड्या पट्ट्याची जाडी मोजायची, झालं. ज्या गाभण गाईचा पट्टा ठरलेल्या आकड्यापेक्षा बारीक भरेल, तिच्या गळ्यात पिवळी पट्टी बांधायची. पिवळ्या पट्टीला रोज एक घमेलं जास्त खुराक. तिला हे काम शिकवणारे गृहस्थ आता निवृत्त होऊन गेले होते, पण त्यांचं एक वाक्य ती अजून प्रत्येक गाईमागे मनात म्हणायची. हात हलका ठेवा, ते सांगायचे, चरबी लाजाळू असते, चेपलीत की लपते. प्रोब जोरात दाबला, की पट्टा पडद्यावर दबून बारीक दिसतो, आणि धष्टपुष्ट गाय कागदावर अशक्त ठरते. नवशिकी पोरं ही चूक करतात. ती नवशिकी नव्हती. केंद्रात तिच्या हाताचा दाखला देत.

फाटकातून आत शिरताना तिनं रुमाल गुंडाळलेलं बोट कोटाच्या खिशात घातलं. गोठ्याच्या तोंडाशीच कप्तान भेटला. गुरं सांभाळणारा मुख्य गडी. गायींना हुकूम सोडतो आणि गायी ते ऐकत नाहीत, म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत. रोज सकाळी तिच्यासाठी त्याच्याकडे एक नवं बोलणं तयार असे. आज तो म्हणाला, की ताई, तुमच्या मशीनला आता चष्मा लावा, नाहीतर पुढच्या महिन्यात मला पिवळ्या पट्ट्यांसाठी घरातले पडदे फाडावे लागतील. ती हसली. मग गव्हाणीला लागून उभ्या असलेल्या गाभण गायींच्या रांगेकडे तिची नजर गेली आणि हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, दाराबाहेर विसरलेल्या चपलेसारखं. रांगेत पिवळंच पिवळं होतं. ह्या पट्ट्या तिनंच बांधल्या होत्या, एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी. एकेक बांधताना प्रत्येकीला कारण होतं. सगळ्या मिळून त्या काहीतरी वेगळंच सांगत होत्या. इतक्या गायी एकदम कशा बारीक झाल्या? वैरण तीच, पाणी तेच, माणसं तीच. मग बदललं काय? तिनं खिशातल्या खिशात बोटं चाळवून बघितली. चाळवली असावीत.

तिरळी बसलीय, कप्तान म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

तिरळी म्हणजे एका डोळ्यानं तुमच्याकडे आणि दुसऱ्यानं वैरणीकडे बघणारी गाय, आठवड्याभरापूर्वी व्यायलेली. ती कोपऱ्यातल्या पेंढ्यावर बसली होती, मान मागे वळवून तोंड स्वतःच्याच कुशीवर टेकवून, आपल्याच पोटात कान लावून काहीतरी ऐकत असल्यासारखी. तिच्या मानेत सलाईन लावलेलं होतं. शेजारी केंद्राचे डॉक्टर उकिडवे बसले होते, सावकाश बोलणारे, निवृत्तीला आलेले. वाकल्याबरोबर तिला तिरळीच्या श्वासाचा वास आला. गोडसर, फार पिकून गेलेल्या फळाचा. हा वास तिला माहीत होता. अंगावर फार चढलेली गाय व्याली, की तिचं खाणं तुटतं, मग अंगातली चरबी विरघळून लिव्हरमध्ये जाऊन साचते, आणि श्वासाला असा वास सुटतो. डॉक्टर तेच म्हणाले, तिच्याकडे न बघता, गाईच्या कानामागे खाजवत. भाकड असताना हिच्या अंगावर बरंच चढलं असणार, म्हणाले. उद्यापर्यंत उठली तर उठली. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “तुमच्या मोजणीत ही बारीकच भरली होती ना?”

“हो,” ती म्हणाली.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. न विचारलेला प्रश्न माणसाच्या मागे मागे येतो, चालताना थांबलं की तोही थांबतो. ती मशीन ठेवायच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि नळाखाली बोट धरलं. रक्त थांबलं होतं. पाणी गार होतं की कोमट, हे तिला त्या हाताला कळेना. डावा हात पाण्यात घातला, गार होतं. डाव्या हाताचंही तिला खात्रीनं सांगता येईना, की गार पाणी पूर्वी एवढंच गार लागायचं की जास्त. आणि मग, इतका वेळ तिनं जे दारापाशी अडवून धरलं होतं, ते आत आलं. आई आली. आई नेहमी हातांपासून यायची. आधी दोन हात, मग त्यांच्या मागे हळूहळू उरलेली आई.

आई कपड्यांच्या कारखान्यासाठी काज-बटणं करायची. शर्टांचे गठ्ठे घरी यायचे आणि सगळं घर नव्या कापडाच्या खळीच्या वासानं भरून जायचं. ती तेव्हा शाळकरी होती. एकदा ती आईसमोर बसून नद्यांचे उगम पाठ करत होती. आई बटण लावता लावता शेजारणीची नक्कल करत होती, दोघी हसत होत्या. आईनं गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि घडी घालायला शर्ट झटकला. शर्ट सुटेना. आईनं पुन्हा झटकला. हात वर गेला तसा शर्टही वर गेला, हात खाली आला तसा शर्टही खाली. मग दोघींना एकदमच दिसलं, की बटणाबरोबर आईचं बोट शिवलं गेलंय. दोरा बोटाच्या टोकातून आरपार गेला होता, एकदा नव्हे, चार टाके, नेटके, एकसारखे. आई ओरडली नाही. हे तिच्या मनात कायमचं रुतून बसलं, की आई ओरडली नाही. बाजारात दुसऱ्याची पिशवी चुकून हातात यावी तशी ती स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली. मग कात्रीनं दोरा कापला, मांसातून एकेक टाका ओढून काढला, आणि शर्टाला डाग तर पडला नाही ना ते उजेडात धरून बघितलं. “बाबांना सांगू नकोस,” आई म्हणाली, “काम जाईल.” तिनं सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे झालं नाही, असं त्या घरात पुढे बरेच दिवस चाललं. आई पेले पाडू लागली, तेव्हा पेले निसरडे ठरले. पायाकडे बघत चालू लागली, तेव्हा रस्ते खराब ठरले. आई त्याचीही गंमत करायची. माझे हात आता पाहुणे झालेत गं, म्हणायची, बोलावलं तर येतात. पण संध्याकाळी दिवे गेले, की आतल्या खोलीतून तिची हाक यायची, आणि त्या हाकेत गंमत नसायची. दिवा लाव गं, माझे हात कुठे गेले? काडी ओढेपर्यंत आई तशीच बसून असायची, आणि उजेड पडला की आधी मांडीवर बघायची. हात तिथंच असायचे. शेवटी इस्त्रीनं भाजलं ते तिला वास आला तेव्हा कळलं, ते चिघळलं, आणि त्या चिघळण्यातून आई काही उठली नाही. डॉक्टर म्हणाले होते, बोटांच्या टोकांपासून शिरा सुकत जातात, काही घराण्यांत असतं. काही घराण्यांत. तेव्हा तिला हे शब्द दुसऱ्याच कुठल्या तरी मोठ्या, श्रीमंत घराण्याबद्दल असल्यासारखे वाटले होते.

कप्तानानं दारावर टकटक केली. ढब्बी खोड्यात उभी आहे, म्हणाला, मोजायची ना? ढब्बी म्हणजे आडव्या अंगाची, संथ, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी गाय. महिन्याभरात व्यायची होती आणि तिच्या गळ्यात पिवळी पट्टी होती. तिनं मशीन बाहेर आणलं. भादरलं, पुसलं, स्पिरिट लावलं. कप्तान पाण्याची बादली आणायला गेला, ते बरं झालं. तिनं प्रोब टेकवला, नेहमीसारखा. हलका, असं तिच्या मनानं सांगितलं. पडद्यावर करडा पट्टा उमटला. बारीक होता. पट्टी बांधायच्या आकड्याच्या चांगलाच खाली. म्हणजे ढब्बी खरोखरच अशक्त. क्षणभर तिला इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं केलं ते नेमानं केलं, जसं सकाळी हात जोडायची तसं, न चुकवता. डोळे हातावरून काढून पडद्यावर ठेवले आणि हात मागे घेऊ लागली. केसाएवढा. पडद्यावरचा पट्टा रुंद झाला. आणखी केसाएवढा. पट्टा आणखी फुगला, कणीक फुगावी तसा. हाताला काहीच वेगळं वाटत नव्हतं. हात तिला सांगत होता, की मी मघापासून तसाच आहे, टेकलेला, हलका, तुझा. आणि पट्टा वाढतच होता, ठरलेल्या आकड्याला आला, त्याच्या वर गेला, खूप वर गेला, आणि मग चित्र एका कडेनं काळं पडलं, म्हणजे प्रोब आता कातडीवरून सुटत होता. तिनं हात पुन्हा पुढे नेला. पट्टा दबत गेला, बारीक होत गेला, लपला. ढब्बीनं कातडी थरथरवली आणि एक पाय उचलून खाली ठेवला. बिचारी मघापासून सोसत होती. ह्या सगळ्या गायी सोसत होत्या, आणि ती त्यांच्या सोसण्यातून आकडे काढत होती.

आता तिला रांगेकडे बघवेना. प्रत्येक पिवळ्या पट्टीमागे एक पोट होतं, पोटात वासरू, आणि वासराभोवती ती रोज एकेक घमेलं चरबी थापत आली होती. तिरळी ही पहिली. त्या गोड वासाच्या मागोमाग आणखी किती श्वास ओळीनं उभे होते! आणि नेमक्या ह्याच वेळी, जिचा गायींशी काही संबंध नाही अशी एक गोष्ट उठून तिच्यासमोर आली. भिंगरीचं मनगट. भिंगरी तिची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. गेले काही दिवस तिच्या मनगटावर निळसर वळ दिसत होते, बोटांच्या आकाराचे. ती शाळेत जाऊन वर्गाच्या बाईंशी भांडून आली होती. तुमच्या वर्गात कुणीतरी माझ्या मुलीला धरून ओढतं, तुमचं लक्ष कुठं असतं, असं तोंडाला येईल ते बोलली होती, ती कधी कुणाला मोठ्यानं न बोलणारी बाई. वर्गाच्या बाईंनी भिंगरीला विचारलं, कोण ओढतं गं? भिंगरी गप्प राहिली होती. आईकडे बघून गप्प राहिली होती. आणि रोज शाळा सुटल्यावर मोठा रस्ता ओलांडताना भिंगरी म्हणायची, आई, दुखतंय, आणि ती म्हणायची, गाड्या बघ केवढ्या, सोडू का हात? प्रोब तिच्या हातातून खाली पडला. पडल्याचा आवाज झाला तेव्हा तिला कळलं, की पडला.

लपवता आलं असतं. पट्टी सोडायची, आकडा नवा घ्यायचा, इथून पुढे पडद्याकडे बघून हात मागेपुढे करायचा. डोळ्यांनी हाताचं काम करून घ्यायचं. आईनं केलं होतं तसं वर्षानुवर्षं करता आलं असतं. त्या विचारातच एक ऊब होती, जुन्या घरासारखी, आणि तिला त्या उबेचीच दहशत बसली. ती तडक डॉक्टरांकडे गेली. ते तिरळीपाशीच होते. तिनं सांगितलं ते फार थोडक्यात सांगितलं; माझा हात चेपतोय, मला कळत नाही, पट्ट्या सगळ्या खोट्या आहेत. डॉक्टरांनी तिला ओरडावं असं तिला वाटत होतं. त्यांनी सलाईनची बाटली बघितली, हात धुतले, तिला पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि आईबद्दल विचारलं. तिनं सांगितलं. बोट शिवल्याचं तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. मग त्यांनी पिशवीतून नवी सुई काढली, तिचा उजवा हात आपल्या गुडघ्यावर उताणा ठेवला आणि म्हणाले, मी जनावरांचा डॉक्टर आहे हे लक्षात ठेवा, पण टोचणं दोघांचं सारखंच. डोळे मिटा. टोचलं की सांगा.

तिनं डोळे मिटले. गोठ्यातले आवाज जवळ आले. रवंथाचा ओला, एकसुरी आवाज. कुठंतरी साखळी वाजली. तिरळीचा श्वास आत जात होता आणि बाहेर येताना अडखळत होता. कप्तान बादली घेऊन आला होता आणि थबकून उभा होता, हे बादलीची कडी वाजायची थांबली त्यावरून कळत होतं. ती वाट बघत राहिली. सकाळपासून ती वाटच बघत होती, त्या ठणक्याची. आता तो आला तर ती त्याला पाहुण्यासारखं पाट मांडून बसवणार होती. डॉक्टर कशाला एवढा वेळ लावताहेत ते तिला कळेना. बाईमाणसाला टोचायचं म्हणून कचरत असतील.

“टोचा ना,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिची बोटं हळूच मिटवून दिली असावीत, कारण तिचं मनगट किंचित हललं.

“बाई,” ते म्हणाले, “टोचून झालं.”

डोळे उघडले तेव्हा तिच्या बोटांच्या टोकांवर ओळीनं लाल ठिपके होते. लहान, नेटके, एकसारखे. डॉक्टर पुढे बराच वेळ बोलत होते. माणसांच्या डॉक्टरकडे उद्याच जा, टाळू नका, आता तुमच्या आईच्या वेळेसारखं राहिलेलं नाही, औषधं आहेत, निदान पुढे सरकणं तरी थांबवता येतं. गायींचं आपण बघू, खुराक आजच तोडू, बहुतेक वाचतील. बहुतेक, हा शब्द तिनं उचलून ठेवला. कप्तानानं तोवर कुणी न सांगता पट्ट्या सोडायला सुरुवात केली होती. एक सोडायची, खांद्यावर टाकायची, पुढच्या गाईकडे जायचं. जाता जाता तो तिला म्हणाला, की ताई, पडदे फाडायचे वाचले बघा माझे. ते त्यानं तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, आणि लगेच तो पुढच्या पट्टीची गाठ सोडू लागला. ती निघाली तेव्हा तिरळी तशीच होती, मान कुशीवर, एक डोळा भिंतीकडे आणि दुसरा तिच्याकडे.

शाळेच्या फाटकाशी भिंगरी नेहमीसारखी गिरक्या घेत आली. दप्तर एकीकडे, वेणी दुसरीकडे. आईला बघितल्याबरोबर तिनं उजवा हात पाठीमागे नेला आणि डावा पुढे केला. इतक्या सवयीनं केला, की तिच्या ते ध्यानातही आलं नसेल. बरं न झालेला हात मागे, बरा हात पुढे. लेकीनं आईसाठी मनातल्या मनात लावून घेतलेला हा नेम किती दिवसांचा असेल, हे विचारायचं बळ तिच्यात नव्हतं. दोघी मोठ्या रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं होतं, ते शब्द ती मनात जुळवत होती, पण त्याच्याआधी हा रस्ता होता. गाड्या एकीला एक लागून धावत होत्या, त्यांच्या काचांवरून उन्हाचे तुकडे घसरत होते. पुढे केलेला लहानसा हात तिनं धरला नाही.

“आजपासून मी नाही धरायचा,” ती म्हणाली. “तू माझा धरायचास.”

भिंगरीनं मान वर करून बघितलं. “किती घट्ट?”

“सुटणार नाही इतका.”

भिंगरीला ते मोठेपण आवडलं असावं. ती एकदम ताठ झाली. गाड्या थांबल्या. नेहमी तिथं गाड्या थांबायच्या त्या आतल्या आत गुरगुरत थांबायच्या, त्यांच्यावर विश्वास ठेवावा असं कधी वाटलं नव्हतं. ती रस्त्यात उतरली. हाताच्या जागी काहीच नव्हतं. तिथं लेकीचा हात असेल, वारा असेल, रिकामी हवा असेल, तिला सगळं सारखंच. खाली बघावं तर गाड्या दिसेनात, गाड्यांकडे बघावं तर हात दिसेना. डोळे दोनच होते आणि तेही एकाच बाजूला बघणारे. तिला तिरळीची आठवण झाली. उजवीकडून एक दुचाकी न थांबता वळली. तिची बोटं मिटायला निघाली, गच्च, नेहमीसारखी, आणि तिनं खांद्यातून जोर लावून त्यांना उघडं ठेवलं. उघडी राहिली असावीत.

“धरलायस ना?” तिनं समोर बघत विचारलं.

“धरलाय.”

“बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. शाळेत काय झालं ते सांग.”

भिंगरी सांगू लागली. कुणाचा तरी डबा सांडला होता, कुणाला तरी हसू आवरत नव्हतं, वर्गाच्या बाई फळ्याकडे तोंड करून हसल्या होत्या. तो बारीक आवाज तिच्या कमरेपाशी चालत होता आणि ती त्या आवाजाला धरून चालली होती. रस्त्याच्या मध्यावर आवाज थांबला. गोष्ट संपली होती, की श्वास घ्यायला थांबली होती, की काय झालं होतं. पलीकडून मोठी गाडी हळूहळू पुढे सरकू लागली होती, तिच्यावरून नजर काढून चालणार नव्हतं.

“धरलायस ना?”

“अगं हो,” खालून आवाज आला, जरासा वैतागलेला. “किती वेळा विचारशील?”

ती एक पाऊल पुढे गेली आणि तिनं पुन्हा विचारलं.